मामांची गिटार सोलापूरला येताना

सोलापूर,
१४ मार्च

प्रिय सुजाता,

बदली झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तू कायमची घरी येतेस, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटच्या चार ओळींनी जीव खाली-वर झाला. मामांनी तुला दिलेली गिटार डोंबिवलीतच विकायची आणि इथे नवी घ्यायची, हे काय गं? ॲक्शन (दांड्यापासून तारांची उंची) वर गेलीय, सहावी, सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की बझ मारते, म्हणजे खरखरते, ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागे फट आहे आणि साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) खाली केसासारखी चीर दिसते, एवढंच ना? ही चारही दुखणी बरी होणारी आहेत. मामांनी इतकी वर्षं वाजवून मोकळं केलेलं लाकूड मात्र नव्या गिटारीबरोबर मिळत नाही.

अमेरिकन गायक विली नेल्सनची ‘ट्रिगर’ नावाची गिटार आठव. त्याची आधीची गिटार एका दारुड्याच्या पायाखाली मोडली, तेव्हा १९६९ मध्ये त्याने मार्टिन कंपनीची एन-२० घेतली आणि मोडक्या गिटारीचा पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारा भाग) काढून तिच्यात बसवला. ही नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. ती बोटांनी वाजवायची म्हणून तिला पिकगार्ड (लाकडाला ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी) नसतं, आणि नेल्सन तर पिकने वाजवतो. वर्षानुवर्षं घासून तिच्या टॉपला (पुढच्या लाकडी फळीला), साउंडहोलच्या शेजारी, आरपार भोक पडलंय. ऑस्टिनचे कारागीर मार्क अर्लेवाइन आतल्या पट्ट्यांना आधार देतात, भोकाच्या कडांना लॅकर लावतात आणि गिटार परत त्याच्या हातात देतात. तुझ्या गिटारीला तर नुसती चीर आहे.

आता मी सांगते त्यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुंबईत काहीही दुरुस्त करून घेऊ नकोस. सॅडल (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पातळ पट्टी) तर अजिबात घासू देऊ नकोस. तिकडच्या दमट हवेत टॉप फुगलाय, ब्रिज वर उचलला गेलाय आणि त्याच्याबरोबर तारा वर गेल्यात. इथे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून खाली उतरते. टॉप आपोआप बसेल, तारा खाली येतील. तिकडे सॅडल घासून ॲक्शन बरोबर करून आणलीस, तर इथे महिनाभरात प्रत्येक फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बझ ऐकू येईल आणि पुन्हा नवं सॅडल घालावं लागेल. गिटारीला आधी सोलापूरचं होऊ दे, मग मापं घेऊ.

निघण्याआधी सगळ्या तारा दोन-दोन स्वर उतरव, म्हणजे ई ची सी होईल. तारा पूर्ण काढू नकोस, पण ब्रिज सुटायला लागलाय तर पूर्ण ताणही ठेवू नकोस. पातळ गिगबॅगेत आणू नकोस, कडक केस कुणाकडून तरी मागून घे. केसमध्ये गिटार हलता कामा नये. हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) खाली आणि दोन्ही बाजूंना टॉवेल कोंब, कारण पडल्यावर नेक (दांडा) मोडते ती बहुतेक वेळा नटच्या (हेडस्टॉकजवळच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीच्या) मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं. घरात आपले सोलापुरी टॉवेल असतीलच. जाड टर्किशचे दोन बास होतील. (ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग तर स्टेजवर फीडबॅक, म्हणजे स्पीकरची शीळ, होऊ नये म्हणून आपल्या ल्युसिल नावाच्या गिटारीच्या एफ-होलमधून, म्हणजे एफ आकाराच्या भोकांतून, आत टॉवेल कोंबायचे. शेवटी गिब्सन कंपनीने १९८० मध्ये त्यांच्यासाठी एफ-होलच नसलेलं मॉडेल काढलं.) सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये केस वरच्या बर्थवर आडवी ठेव, दाराजवळ सामानाच्या ढिगात नको. सकाळी स्टेशनवर उतरलीस की घरी येऊन केस लगेच उघडू नकोस. सात-आठ तास तशीच बंद राहू दे. आणि स्टेशनबाहेर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ती पाच मिनिटंही ठेवू नकोस. बंद गाडी मे महिन्यात ६० अंशांच्या वर तापते आणि लाकडाचा साधा गोंद तेवढ्यालाच मऊ पडतो. ब्रिज सुटण्याचं एक मोठं कारण हेच असतं.

इथे आल्यावर खरी काळजी हवेची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून नेकची रुंदी कमी होते, फ्रेटचं धातू मात्र तेवढंच राहतं आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात. तसं जाणवलं की समज, गिटारीला पाणी कमी पडतंय. टॉपवर स्टीलची पट्टी आडवी धर. ब्रिज आणि साउंडहोलच्या मधे खड्डा दिसला तर कोरडेपणा फार झालाय. चिरा पडतात त्या यानंतर.

उपाय अगदी स्वस्त आहे. प्लास्टिकची साबणाची डबी घे, वरच्या झाकणाला दहा-बारा भोकं पाड, आत स्पंज भिजवून घट्ट पिळून ठेव. थेंब गळता कामा नये. अशी एक डबी केसमध्ये हेडस्टॉकपाशी ठेव. दुसऱ्या स्पंजसाठी छोटी झिपची पिशवी घे, तिलाही भोकं पाड आणि मधल्या दोन तारांमधून साउंडहोलमध्ये लटकव. एप्रिल-मेमध्ये स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बघायचा. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतली थंडीही कोरडीच असते, तेव्हा आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात दोन्ही काढून टाक. घरगुती वस्तूंना कमी समजू नकोस. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ मध्ये आपली रेड स्पेशल गिटार बनवायला घेतली, तेव्हा नेक जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून काढली, ट्रेमोलोला (दांडी दाबून सूर हलवणाऱ्या यंत्रणेला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या आणि दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक बसवलं. पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याने त्याच गिटारीवर काढली.

केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेव. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला की झालं. पण स्वस्त मापक दहा-दहा टक्के खोटं बोलतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घे. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ भर, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाल, आणि झाकण व मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर पुढे नेहमी सात मिळवून वाच. भिंतीवर गिटार टांगायची हौस एप्रिल-मेपुरती बाजूला ठेव. वाजवून झालं की केस बंद. कूलरचा झोत अंगावर नको, पण कूलर चालू असलेल्या खोलीत वाजवलेलं चांगलं. एसीची हवा तिला सोसत नाही.

तीन-चार आठवडे असे गेले की दुरुस्तीला हात घालायचा, तोही क्रमाने.

आधी ब्रिज. मागच्या फटीत साधा कागद सरकव. नुसती कड अडकली तर लक्ष ठेवायचं, दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आत गेला तर ब्रिज काढून पुन्हा चिकटवायचा. इथेच लोक घात करतात. फटीत फेविक्विक सोडतात किंवा एम-सील भरतात. ते जुन्या गोंदावर बसतं, लाकडात शिरत नाही, वर्षाच्या आत पुन्हा सुटतं आणि त्या वेळी टॉपच्या ढलप्या घेऊन निघतं. खरं काम असं: ब्रिज गरम करायचा, पातळ पातं हळूहळू आत सरकवून सोडवायचा, दोन्ही बाजूंचा जुना गोंद कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडायचा, लाकडाचा चांगला गोंद पातळ लावायचा आणि साउंडहोलमधून क्लॅम्प लावून २४ तास हलवायचं नाही. हे तू करू नकोस, आपण जाणत्या हाताकडून करून घेऊ.

मग चीर. कोरड्या दिवसांत चीर रुंद असताना तिच्यात लांबी (पुट्टी) भरायची चूक कधी करायची नाही, पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि ती लांबी चिरेला आणखी फाडते. डबीतल्या ओलाव्याने एक-दोन आठवड्यांत चीर आपली आपण मिटते. मिटली की वरून गोंद लावून, बोटाने खालून-वरून दाबत आत मुरवायचा. आतून तिच्यावर रेषांच्या आडवे छोटे लाकडी तुकडे बसवायचे, चार-पाच सेंटिमीटरवर एक.

सहाव्या तारेचं दुखणं वेगळं. मोकळी असतानाच बझ आणि पहिला फ्रेट दाबला की साफ, म्हणजे नटची खाच झिजलीय. (पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ असता तर नेक सरळसोट झालीय असं म्हटलं असतं, एकाच जागी असता तर पुढचा फ्रेट उंच.) खाचेत हाडाची पूड भरून वर फेविक्विकचा एक थेंब आणि मग गोल कानशीने नवी खाच. फेविक्विक चालतं ते या एवढ्याच कामाला.

त्यानंतर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाब आणि सातव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांच्यातली फट बघ. साधारण पाव मिलिमीटर हवी. जास्त असली तर रॉड घड्याळाच्या दिशेने, एका वेळी एक अष्टमांश फेरा, आणि पुन्हा सुरात आणून माप. एका दिवसात पाव फेऱ्याच्या पुढे जायचं नाही. किल्ली नेमक्या मापाची हवी, सैल किल्लीने रॉडच्या टोकाचा पिळायचा नट गोल झाला की नेकचा खेळ संपला. ट्रस रॉड ॲक्शनसाठी नसतो हेही ध्यानात ठेव, तो नेकचा बाक ठरवतो.

ॲक्शन सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवर सहावी तार अडीच मिलिमीटर, पहिली पावणेदोन ते दोन. जितकं खाली आणायचं त्याच्या दुप्पट सॅडल घासायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. अर्धा मिलिमीटर हवा असेल तर एक मिलिमीटर. सॅडलच्या बुडाला पेन्सिलीने रेघ मार, काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेव आणि सॅडल उभं धरून सारखा दाब देत घास. बूड जरा जरी तिरकं झालं तर काही तारांचा आवाज बसतो. वरची गोलाई तशीच ठेवायची.

नवी तार घालताना खालचा मणी ब्रिजपिनच्या (तार ब्रिजमध्ये पक्की धरणाऱ्या खिळीच्या) टोकावर अडकू देऊ नकोस. टोकाजवळ तार किंचित वाकव, पिन बसवून तार वर ओढ, म्हणजे मणी आतल्या पट्टीला घट्ट टेकतो. नाहीतर सुरात आणताना पिन उडते. जाड तारांना खुंटीवर दोन-तीन वेढे, बारीक तारांना तीन-चार. खुंटी पिळताना नटपाशी ‘टिक्’ आवाज आला तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घास. तारा ०.०१२ इंचाच्या संचापेक्षा जाड घेऊ नकोस. त्या संचाचाच ताण एकूण ७० किलोच्या वर जातो. विश्वमोहन भट्टांनी गिटारीची मोहनवीणा केली, मुख्य तारांखाली तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) बारा तारा घातल्या, पण त्यासाठी वाद्य तसं घडवावं लागलं. मामांच्या गिटारीला तो भार झेपणार नाही.

फ्रेटबोर्डला खोबरेल किंवा शेंगतेल लावू नकोस, ते खवट होतं आणि चिकटतं. मेडिकलमध्ये बिनवासाचं लिक्विड पॅराफिन मिळतं. त्याचे पाच-सहा थेंब, वर्षातून दोनदा, चोळून लगेच पुसून घे. आणि शेंगाचटणी-भाकरी झाली की साबणाने हात धुतल्याशिवाय तारांना हात नाही!

निघण्याआधी माझ्यासाठी एवढं कर. सॅडलची लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांची उंची मिलिमीटरमध्ये मोजून कळव, म्हणजे हाडाचा तुकडा मी आधीच आणून ठेवते. साउंडहोलच्या कडेकडेने भिंग धरून बघ. टॉपवरच्या रेषा जाडीतून तशाच खाली उतरताना दिसल्या तर लाकूड सॉलिड आहे, थर दिसले तर प्लाय. तेही लिही. प्लाय असेल तर चिरेचं काम वेगळ्या पद्धतीने करावं लागेल.

मामांना माझा नमस्कार सांग.

तुझीच,
वैशाली

ता. क. आरक्षण मिळालं की गाडीचा दिवस कळव. स्टेशनवर मी येते, केस मी धरीन.