निविदेत कामाची यादी हवी, विंडोजचं नाव नको

संपादक महोदय,

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट बंद केली. तेव्हापासून आमच्या भागातल्या शाळांमधून संगणक निर्लेखित करण्याचे, म्हणजे भंगारात काढण्याचे, प्रस्ताव निघायला लागले आहेत. तासगावात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. ‘यंत्र दुरुस्तीपलीकडे गेलं आहे’ असा लेखी दाखला प्रस्तावाला जोडायचा असतो, म्हणून ही यंत्रं माझ्या टेबलावर येतात. दाखला मी देत नाही, कारण यंत्रं चालतात. पण माझ्या नकारानं काही थांबत नाही, दाखला दुसरीकडं मिळतो. म्हणून हे पत्र.

यंत्र कसलं असतं ते आधी सांगतो. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क. कॅबिनेटवर ऑइलपेंटनं लिहिलेलं, ‘माजी विद्यार्थ्यांकडून शाळेस सप्रेम भेट’. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पंख्यात खडूची धूळ. त्यावर चालणारं काम म्हणाल तर यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, शालार्थ या वेतनप्रणालीतली पगारबिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी आणि उरलेल्या वेळात मुलांना चित्रं काढायला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधी लोकवर्गणीतून, आमदार निधीतून, कारखान्यांच्या देणगीतून जे काही शाळांत आलं, ते जवळजवळ सगळं या एका अटीनं बाद ठरतं.

याच यंत्रात मी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवतो, बाद मदरबोर्डावरची एखादी चार जीबीची रॅम काढून जोडतो आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट, खुली ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो. मजुरी धरून दीड-दोन हजार रुपये. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वर सांगितलेली शाळेची बहुतेक कामं ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझरखाली कोणती सिस्टीम आहे, याचं त्या कामांना काही घेणंदेणं नसतं. नवा संगणक घ्यायचा तर विंडोज आणि ऑफिससकट चाळीस हजारांच्या पुढं जातो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत संयुक्त अनुदान मिळतं. त्यातच वीजबिल, स्वच्छता, फुटलेली कौलं आणि खडू-डस्टर भागवायचं असतं. हा हिशेब मुख्याध्यापकांना मी शिकवायची गरज नाही, त्यांना तो माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

विंडोज १० आणखी काही काळ चालवायचा रस्ता मायक्रोसॉफ्टनं ठेवला आहे, हेही सांगायला हवं. शिक्षणसंस्थांना वाढीव सुरक्षा अपडेट पहिल्या वर्षी यंत्रामागं एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर इतक्या कमी दरात ठेवली आहेत. मात्र त्यासाठी मुळातला परवाना खरा असायला लागतो. तो कितीजणांकडं असतो, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अट चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. अशा यंत्रांना अपडेटची हमी नाही असं कंपनीनं स्पष्ट सांगितलेलं आहे, पण गिऱ्हाइकाला ते कुणी सांगत नाही. शाळेच्या संगणकात मुलांचे आधार क्रमांक असतात, पालकांचे बँक खाते क्रमांक असतात. तिथं असला जुगार करू नये.

मग शाळा लिनक्स का टाकत नाहीत? ते फुकट आहे हे ऐकून आपल्याकडं कुणी हलत नाही, कारण विंडोजही इतकी वर्षं फुकटच मिळत आली आहे. ‘डॉस’वाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप घ्यायचा, चार-पाच हजार वाचवायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘विंडोज मारून’ आणायची. तीनशे रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि वर मराठी फॉन्ट. ही रीत इतकी रुळली आहे की यात चोरी आहे असं घेणाऱ्याला वाटतच नाही. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बोलताना बिल गेट्स चीनबद्दल म्हणाले होते की, लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. त्यांना सवय लागेल आणि पुढच्या दशकात वसुली कशी करायची ते आम्ही बघू. माझं ठाम मत आहे की भारतात लिनक्सला मागं ठेवलं ते या चोरीच्या प्रतींनी. विकत घ्यायची सिस्टीम आणि खुली सिस्टीम यांच्यात किमतीची स्पर्धा कधी लागलीच नाही. दोन्ही फुकट असतील तर माणूस शेजाऱ्याकडं आहे तेच घेतो. आता सरकारी खरेदीत लेखापरीक्षणामुळं खरा परवाना लागतो आणि तोवर सगळ्यांचा हात विंडोजवर बसलेला असतो.

लिनक्स म्हणजे काहीतरी कच्चं, हौशी लोकांचं, हा समज मात्र काढून टाकायला हवा. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला ‘परम ब्रह्म’ महासंगणक लिनक्सवर चालतो. पालकांच्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे.

माझा खरा रोख आहे तो खरेदीच्या कागदांवर. मी पाहिलेल्या बहुतेक निविदांत ‘विंडोज ११ प्रो व एमएस ऑफिससह’ हे शब्द आधीच छापलेले होते. त्या संगणकावर काय काम करायचं आहे, हे कुठंच नव्हतं. रस्त्याच्या निविदेत कोणत्या कंपनीचा रोलर वापरायचा ते लिहीत नाहीत, रस्ता किती जाडीचा हवा ते लिहितात. केंद्र सरकारचं मुक्त स्रोत (ओपन सोर्स, म्हणजे लिनक्ससारख्या खुल्या) सॉफ्टवेअरविषयीचं धोरण मार्च २०१५ मध्ये आलं. पुरवठादारांनी मुक्त स्रोताच्या पर्यायाचाही विचार करावा अशी अट निविदेत घालणं त्यात बंधनकारक आहे आणि तो वगळायचा तर पुरवठादाराला कारण द्यायला सांगितलं आहे. राज्यांनाही हे धोरण स्वीकारण्याची मुभा आहे. एवढं एक कलम आमच्या भागातल्या निविदांना लावलं तरी चित्र पालटेल, कारण लिनक्स वगळण्याचं कारण लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी कारणच सापडणार नाही.

केरळनं या धोरणाची वाट पाहिली नव्हती. तिथला आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प २००१-०२ चा. त्या दशकातच त्यांनी शाळांतलं संगणक शिक्षण लिनक्सवर आणलं. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांचा हिशेब मांडून ३००० कोटी रुपये वाचतात असं त्यांनी जाहीर केलं. यंत्रामागं दीड लाखाचं सॉफ्टवेअर धरून तो आकडा काढलेला आहे. छापील किमतीला एवढं सगळं सॉफ्टवेअर कुठलीच शाळा घेत नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवतो. मला मोलाचं वाटतं ते दुसरंच. तिथं पाठ्यपुस्तकात जे प्रोग्रॅम शिकवतात तेच शाळेच्या संगणकावर असतात, आणि ते शिकवायचं प्रशिक्षण शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना दिलेलं असतं. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळं आहेत. त्यांतली पोरं प्रयोगशाळेच्या देखभालीलाही हात लावतात. आपल्याकडच्या आयसीटी या शालेय संगणक शिक्षणाच्या योजनेत प्रयोगशाळा खासगी कंपन्यांनी उभ्या केल्या आणि शिकवायला कंत्राटी निदेशक नेमले. करार संपले, निदेशक घरी गेले, खोल्यांना कुलपं लागली. त्यातले काही निदेशक माझ्या ओळखीचे आहेत. जीव लावून शिकवायचे. त्यांच्याबरोबर शाळेतलं ते ज्ञानही गेलं. तिथं विंडोज होती की लिनक्स, हा प्रश्न नंतरचा.

लिनक्सकडं गेलेले सगळेच तिथं टिकले असंही नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ मध्ये पालिकेचे संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार यंत्रं नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं वळायचा ठराव केला. त्यात राजकारण किती होतं यावर तिथं अजून वाद आहे. पण दोन दुखणी शेवटपर्यंत राहिली होती. बाहेरच्या कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण करताना मांडणी विस्कटायची, आणि काही खात्यांचे खास प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नव्हते. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलानं उलट्या टोकाकडून सुरुवात केली. २००५ मध्ये आधी एमएस ऑफिससारखंच पण खुलं असलेलं ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ते अंगवळणी पडल्यावर २००८ पासून खालची सिस्टीम बदलून उबुंटू ही लिनक्सचीच एक आवृत्ती आणायला घेतली. आज त्यांची बहुतेक यंत्रं त्यावर चालतात. घाई न करता, रोजच्या कामाचे प्रोग्रॅम आधी आणि सिस्टीम शेवटी, हा क्रम मला पटतो. मीही शाळांना आधी त्यांच्या विंडोजवरच लिबरऑफिस (ओपनऑफिसचाच पुढचा अवतार) टाकून देतो आणि काही महिने वापरायला सांगतो.

म्युनिकचं फायलींचं दुखणं आपल्याकडं फॉन्टच्या रूपानं येतं, आणि ते जास्त चिवट आहे. शाळांचे जुने दाखले, अहवाल, प्रश्नपत्रिका श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठीच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. मग बाई म्हणतात, ‘दादा, तुमच्या लिनक्समध्ये मराठी येत नाही.’ मराठी येते, उत्तम येते. इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून सुरू केला की झालं. रेड हॅट कंपनीनं ‘लोहित देवनागरी’ हा फॉन्ट कुणालाही वापरता येईल अशा परवान्यावर खुला केला, आणि तो सुधारण्याचं आणि लिनक्सचे मेनू मराठीत आणण्याचं बरंचसं काम पुण्यात बसून मराठी माणसांनी केलं. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत लिहिलेला मजकूर कुठल्याही सिस्टीमवर उघडतो. शासनानं युनिकोड वापरण्याचे आदेश काढून बरीच वर्षं झाली, तरी वरच्या कार्यालयांतून शाळेला येणारे भरायचे तक्ते अजून जुन्या फॉन्टमध्ये येतात. काही तक्त्यांत एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतात, ते लिबरऑफिसमध्ये धड चालत नाहीत. शाळेनं कोणती सिस्टीम वापरायची, हे असा तक्ता पाठवणारा नकळत ठरवून टाकतो.

सगळ्यांनी लिनक्स वापरावं असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडचे बेदाण्याचे व्यापारी टॅलीवर हिशेब ठेवतात आणि टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. त्यांना मी विंडोजच देतो, खऱ्या परवान्याची. पत्रिका, बॅनर छापणाऱ्या डीटीपीवाल्यांचा सगळा साठा जुन्या फॉन्टमध्ये आणि कोरलड्रॉमध्ये अडकलेला आहे, त्यांना उद्या उठून बदला म्हणणं अन्यायाचं होईल. थम्ब मशीन, डिजिटल सहीचं टोकन आणि जागोजागच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर यांचे लिनक्सचे ड्रायव्हर मिळवताना माझी संध्याकाळ जाते, कधी कधी मिळतही नाहीत. शाळेत असा प्रिंटर असला तर मी आधीच सांगतो. पण ज्या शाळेचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे, तिचा चांगला चालणारा संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना मला बघवत नाही. तो गावानं दिलेला असतो. वर्गणी देणाऱ्यांत द्राक्षबागेत रोजंदारीला जाणारे लोकही असतात.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की संगणकाच्या निर्लेखन प्रस्तावात एक रकाना वाढवावा: दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहिली का, कुणी पाहिली, कोणतं काम अडलं? रकाना कोरा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा. आणि नव्या खरेदीच्या मागणीपत्रात सॉफ्टवेअरच्या नावाऐवजी कामांची यादी मागावी. मार्चअखेरच्या खरेदीची धावपळ सुरू झाली की कुणाला काही तपासायला सवड नसते, तेव्हा हे त्याआधीच व्हावं. तोवर तासगावात जी शाळा यंत्र घेऊन येईल, तिचं यंत्र तपासून द्यायचे पैसे मी घेणार नाही.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
तासगाव, जि. सांगली