उतरावंसं वाटलं की लगेच सांग

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं ‘बरं झालं’ म्हणून ठेवला. उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला जागा मिळाली हे ऐकून बाबांनी लगेच कॅलेंडरवर मे महिन्यात खुणा केल्या. मला मात्र जे सांगायचं होतं ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. नोकरीचा राजीनामा देऊन वर्षभर डोंगरांत फिरायचं तू ठरवलंस, तेव्हा मला धास्ती वाटली होती, राग नव्हता आला. पैसे तुझे, साठवलेस तू, हिशोबही तूच केलास. नातेवाईक विचारतात, ‘पोरगी नुसती फिरतेच आहे का?’ मी म्हणते, हो, फिरते आहे, आणि मला तिचं कौतुक आहे. दिवाळीला आलीस तेव्हा पहाटे न उठवता उठलीस, ओट्याशी उभी राहून दोन भाकऱ्या खाल्ल्यास. पुण्यात कंपनीत असताना रात्री दोनला झोपून दहाला उठणारी, पोटाच्या तक्रारी सांगणारी हीच का, असं मनात आलं. एवढं एकच फळ मिळालं असतं तरी वर्ष कारणी लागलं म्हणायला माझी हरकत नाही.

डोंगर तुला नवा नाही. नवरात्रात कळसूबाईला गर्दीतून शिड्या चढत मामाच्या मागे जायचीस, तेव्हा तुझा हात जेमतेम कठड्याला पोचायचा. पण कळसूबाई १६४६ मीटर. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि तिथे हवा पुरते. आता तू जाणार आहेस तिथे ती पुरत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्राकाठच्या निम्म्यावर येतो. छातीत घेतलेल्या प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच.

तू जिथे जाते आहेस त्या संस्थेबद्दल मला जुना आदर आहे. १९८४ च्या मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या तेव्हा मी नर्सिंगला होते. उत्तरकाशीकडच्याच त्या, आणि शिकल्या त्याच नेहरू गिर्यारोहण संस्थेत. वसतिगृहात पेपर सगळ्यांच्या हातून फिरून चुरगळला होता. आपल्या देशातली बाई पहिल्यांदाच तिथवर गेली होती, याचं आम्हा मुलींना फार अप्रूप होतं. आज माझी मुलगी उत्तरकाशीजवळच्या टेखल्याच्या खडकांवर दोर बांधायला शिकणार, पुढे डोकरानी हिमनदीवर बर्फात कुऱ्हाड मारायला शिकणार. याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

आणि त्याच संस्थेची दुसरी बातमीही माझ्या मनातून जात नाही. ४ ऑक्टोबर २०२२. ‘द्रौपदी का डांडा-२’ या शिखराकडे जाणारी प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली, तिथेच शिकवणारी मुलगी. एवढी तयारीची. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, तुला माहीत आहेच. बर्फ कधी सुटेल हे माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. म्हणून जे तुझ्या हातात आहे त्याबद्दलच मी बोलणार आहे.

मी आरोग्य केंद्रात असताना एका पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावरून एका मुलाला गावकऱ्यांनी खाली आणलं होतं. दोन बांबू, मध्ये घोंगडी बांधून केलेली डोली. चौघांच्या खांद्यांवर, चिखलातून, अंधारात. मुलगा तेवीस-चोवीसचा, ओठ निळसर, बोलणं अडखळत. अंगावर कॉटनची जीन्स, पिळली तर तांब्याभर पाणी निघालं असतं. ओले कपडे काढले, कोरडं गुंडाळलं, हळूहळू ऊब दिली, सलाईनची बाटलीसुद्धा आधी कोमट करून घेतली. तासाभराने थरथर सुरू झाली. थरथर सुरू होणं ही चांगली खूण असते. शरीर स्वतःची ऊब स्वतः करायला लागलं, असा त्याचा अर्थ. मग त्याच्या मित्रांना मी विचारलं, कधीपासून असं होतंय? कुणालाच ठाऊक नव्हतं. तो शुद्धीवर नीट आल्यावर म्हणाला, सकाळपासून उलटी होत होती, थंडी वाजत होती, पण सगळे मजेत होते, माझ्यामुळे परत फिरायला लागेल म्हणून बोललो नाही.

हे वाक्य मी विसरलेले नाही. आणि ती डोली आणणारी माणसंही नाही. सकाळी त्यांना लावणीला जायचं होतं. चहा घेतला, घोंगडी वाळत घातली तेव्हा एकाने एवढंच विचारलं, ‘पोरगं वाचंल ना?’ तुम्ही डोंगरात जाता तेव्हा कुणीतरी न बोललेल्या गोष्टीचं ओझं असं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं.

तर चिऊ, माझी एकच मागणी आहे. डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच बोल. शेजारच्या मुलीला सांग, प्रशिक्षकांना सांग. तुकडीचा वेग कमी होईल, कुणी तोंड वाकडं करेल, करू दे. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. तीन-पाचशे मीटर उतरलं तरी माणूस बदलतो. गोळ्या आणि सिलिंडर उतरेपर्यंत वेळ काढून देतात. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा चालताना तोल जायला लागला, तर रात्र आहे की पाऊस आहे बघायचं नाही, उतरायचं. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालून बघ. जमलं नाही, तर आणखी कुणाला विचारायची गरज नाही. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावायच्या त्या यंत्रातला आकडा चांगला आहे म्हणून मुळीच निर्धास्त राहू नकोस.

जुलैत तू लेहला जायचं म्हणतेस. दिल्लीहून विमानात बसलीस की दीड तासात साडेतीन हजार मीटरवर. शरीराला काही कळायच्या आत. तिथे पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही, बाजारातसुद्धा फिरायचं नाही. मग लडाखच्या मार्खा खोऱ्यातून चालत जाताना मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. त्या वाटेवर शेवटी ‘कोंगमारू ला’ ही खिंड आहे, पाच हजार मीटरहून उंच. तिकडून मागे फिरलीस तरी तू माझी तीच मुलगी आहेस. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल मित्रमैत्रिणी सांगतील, घे, काही होत नाही. पण ती सल्फाच्याच जातीची. तुला लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ आलं होतं. हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकायची नाही.

आणखी एक, जे तुला बाबा सांगणार नाहीत. आडोसा मिळत नाही म्हणून मुली पाणी कमी पितात. मी कित्येक जणी पाहिल्यात, ट्रेकहून आल्या की लघवीला जळजळ, ताप. आणि थंड कोरड्या हवेत श्वासावाटेच पाणी भराभर जातं. लाज बाजूला ठेव, दोघी-तिघी मिळून जात जा, पण पाणी पीत राहा. पाळी त्या दिवसांत आली तर महिला प्रशिक्षक असतील त्यांना सरळ सांग. पॅड वापरलेले बर्फात टाकायचे नाहीत, पिशवीत घालून खाली आणायचे.

किरकोळ गोष्टी: लडाखमध्ये आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घे. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपला. नवीन पॉलिसी घेतलीस हे चांगलं केलंस, पण डोंगरातून खाली आणायचा खर्च तीत बसतो का, ते एकदा बारीक अक्षरं वाचून बघ.

वर्ष संपल्यावर पुढे काय, हे मी विचारत नाही. मुलाखतीत त्या रिकाम्या वर्षाबद्दल कुणी विचारलं तर लपवू नकोस. कुठे कुठे गेलीस ते सांग, आणि कुठून परत फिरलीस तेही सांग. ज्याला माणसांची पारख आहे त्याला दुसरं उत्तर जास्त आवडेल, असं मला वाटतं.

कोर्सच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते म्हणालीस. शनिवारी सकाळच्या एसटीने ये, आपल्या केंद्रातल्या डॉक्टरबाई दुपारपर्यंत असतात. रक्त तपासून घेऊ, हिमोग्लोबिन मागच्या वेळी दहाच्या खालीच होतं आणि तसं असताना मी तुला वर जाऊ देणार नाही, हे आत्ताच सांगते. लोहाच्या गोळ्या आजपासून सुरू कर. दूध-चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घे. बाबांनी लोकरीचे मोजे आणलेत, बुटांत बसतात का बघायला बूटही घेऊन ये.

तुझी,
आई