भूविज्ञान वहीत नव्हे, वरळीच्या खडकात

महोदय,

‘जिऑलॉजी म्हणजे भूगोलच ना?’ बारावी विज्ञानानंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यावर बहुधा भूविज्ञानाच्या शाखांची यादी सुनावली जाते: खनिजशास्त्र, शिलाविज्ञान, स्तरविज्ञान, पुराजीवशास्त्र वगैरे. यादी पाठ होते, पण विषय कळत नाही. त्यापेक्षा मुंबईतलाच एक खडक समोर ठेवावा.

वरळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा शेल (चिखल थिजून बनलेला पातळ पापुद्र्यांचा खडक) सापडतो आणि त्यात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. बेडूक ओळखणे हे पुराजीवशास्त्राचे काम. दोन उद्रेकांच्या मध्ये गाळ साचण्याइतकी उसंत मिळाली होती, हे स्तरविज्ञान सांगते. हे थर समुद्राकडे, पश्चिमेला का झुकले, याचे उत्तर संरचनात्मक भूविज्ञानाकडे आहे. आणि इथे तीस मजली इमारतीचा पाया घ्यायचा झाला, तर अभियांत्रिकी भूविज्ञानाला गत्यंतर नाही. घाई सर्वाधिक महागात पडते ती याच शाखेत. बोअर घेताना कठीण बसाल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा दगड) लागला की ‘खडक मिळाला’ म्हणून थांबण्याचा मोह होतो. खाली मऊ शेल किंवा टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) असू शकतो आणि तो भिजला की ढिला पडतो. शिवाय गाभ्याचे, म्हणजे बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दंडगोलाचे, १० सेंमीपेक्षा लांब तुकडे मोजून खडकाची प्रत ठरवतात. दीड मीटरच्या गाभ्यात अशा तुकड्यांची बेरीज १.२ मीटर आली, तर प्रत ८० टक्के. मात्र ड्रिलिंगच्या धक्क्याने पडलेली ताजी, स्वच्छ भेग नैसर्गिक सांधा (खडकातली मूळची भेग) म्हणून मोजली, तर चांगला खडकही कागदावर निकामी ठरतो.

खनिज रंगावरून ओळखायचे, ही पहिल्या वर्षाची जुनी खोड. बसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरतात. ती सगळी सारखीच दिसतात. आधी हातोड्याने ताजा पृष्ठभाग काढावा, कारण हवा-पाण्याने कुजलेला थर फसवतो. मग पोलादी चाकूने ओरखडा काढून पाहावा. ओरखडा उठला नाही तर ती बहुधा गारगोटी (क्वार्ट्झ), दहाच्या मोजपट्टीवर कठीणता ७. उठला तर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब टाकावा. जोरात फेस आला तर कॅल्साइट. न आला तर स्टिल्बाइटसारखे झिओलाइट असण्याची शक्यता मोठी. भिंग दहापट पुरते, पण ते डोळ्याला लावून खडक जवळ आणायचा असतो. बहुतेक मुले नेमके उलटे करतात.

होकायंत्राचेही तसेच. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे यंत्र खडकाला टेकवून घेतलेली दिशा चुकू शकते. थराच्या उताराला समांतर वही धरावी आणि दिशा जरा दूर उभे राहून घ्यावी. हातोडा व मोबाइल बाजूला ठेवावेत. आधी स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा), मग त्याला काटकोनात डिप (थराचा उतार).

सगळी मुंबई काळ्या दगडाची, हाही गैरसमजच. फोर्टमधल्या कित्येक जुन्या इमारतींना लागलेला मालाडचा पिवळसर दगड ट्रॅकाइट हा फिकट रंगाचा ज्वालामुखी खडक आहे. कान्हेरीची लेणी ज्वालामुखीच्या तुकड्यांनी बनलेल्या ब्रेशियात कोरली आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर बसाल्टचे उभे खांब दिसतात; लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या भेगांनी ते घडवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकमालिकेतला हा सारा ऐवज लोकलच्या तिकिटात पाहता येतो. तिथे मात्र हातोडा पिशवीतच ठेवावा, संरक्षित ठिकाणी तर निश्चितच.

भूजल, भूरसायन, भूभौतिकी, तेल आणि खाणकाम यांचा विचार पदव्युत्तर टप्प्यावर करता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (स्थापना १८५१) अधिकारी पदांसाठीची परीक्षाही पदव्युत्तर पदवी मागते. म्हणून केवळ बी.एस्सी.वर नोकरीचे गणित मांडू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक किती आहेत? मुले पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घासून केलेला खडकाचा पातळ काप) स्वतः घासतात की तयार पेटीतले पाहतात? छेद ०.०३ मिमी जाडीचा हवा. या सूक्ष्मदर्शकात क्वार्ट्झ करडा-पांढरा न दिसता पिवळा दिसला, तर छेद जाड राहिला आहे, आणि ही समज घासल्याशिवाय येत नाही. तिसरे, गेल्या वर्षीच्या क्षेत्रभेटीच्या वह्या पाहायला मागाव्यात. एकाच थराचा कल मोजताना दोघांच्या मापात एक-दोन अंशांचा फरक पडतोच. सगळ्या वह्यांत तेच आकडे आणि तीच आकृती असेल, तर माप एकाने घेतले आणि बाकीच्यांनी बसमध्ये उतरवून घेतले, असे खुशाल समजावे.

– भूविज्ञानाचे दोन अध्यापक, मुंबई