केनियाच्या ऊर्जामंत्र्यांना एका फौंड्रीवाल्याचे खुले पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री,
केनिया प्रजासत्ताक, नैरोबी

महोदय,

सादर नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली 23 वर्षे नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात एक लहानशी फौंड्री चालवतो. पोशो मिलचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या गिरणीचे, भाग, पाण्याच्या पंपांच्या बॉड्या आणि चहाच्या कारखान्यांना लागणारी किरकोळ ओतकामे आम्ही करतो, आणि त्यासाठी याच शहरातले भंगार वितळवतो. पत्र मराठीत का, असे आपण विचाराल. इंग्रजीत केलेल्या माझ्या तीन अर्जांवर एका कार्यालयाने पोचेचा शिक्का तेवढा मारून दिला. तेव्हा वाचणारे कोणी असेल अशा भाषेत लिहून पाहावे, असे ठरवले.

गेल्या गुरुवारी पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी आमच्या फीडरची, म्हणजे आमच्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीची, वीज गेली, तेव्हा 500 किलोच्या इंडक्शन भट्टीतले लोखंड ओतण्याच्या बेतात आले होते. जनरेटर सुरू झाला, पण त्याची कुवत कॉइलमधून थंड पाणी फिरवत ठेवण्यापुरतीच आहे. भट्टी कलती करणारा हायड्रॉलिक पंप त्यावर चालत नाही. माझ्या चार माणसांनी मोबाइलच्या उजेडात चेन ब्लॉक लावून निम्मा रस वाळूत ओतला. उरलेल्यावर आधी साय धरली, मग तिचा लाल रंग हळूहळू विझत गेला, आणि आम्ही पाचजण ते पाहत उभे राहिलो. तक्रार केंद्रावरचा माणूस दर वेळी ‘फुंडी (दुरुस्ती करणारा कारागीर) वाटेवर आहे’ असे सांगत होता. स्टीमा, म्हणजे वीज, आली सकाळी पावणेआठला. आता भट्टीचे लायनिंग, म्हणजे आतला उष्णतारोधक थर, फोडून तो गोळा बाहेर काढावा लागला आहे, दोन ऑर्डरी गेल्या आहेत, आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला बँकेतून वळता होणार आहे.

रात्री भट्टी लावलीच कशाला, याचे उत्तर आपल्याच सरकारच्या धोरणात आहे. डिसेंबर 2017 मध्ये उद्योगांना रात्रीच्या वाढीव वापरासाठी निम्मा दर जाहीर झाला. त्यामागचा विचार रास्त होता: ओल्कारियाच्या भूऔष्णिक वीजकेंद्राच्या विहिरींतून जमिनीखालची वाफ रात्रीही तेवढीच येते, मागणी मात्र उतरते, आणि फुकटची वाफ हवेत सोडून द्यावी लागते. मला हे मनापासून पटले. फर्नेस ऑइलची जुनी भट्टी मी मोडीत काढली, कर्ज घेऊन विजेची बसवली, माणसांना रात्रपाळीला आणले आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च अंगावर घेतला. ओल्कारिया जिथे आहे त्या हेल्स गेटच्या जमिनीखालच्या उष्णतेवर नैरोबीतले भंगार वितळते, हे मी कोल्हापूरच्या नातेवाइकांना फोनवर अभिमानाने सांगत असे. हल्ली त्यांनी विचारले की मी विषय बदलतो.

आपली भाषणे मी लक्षपूर्वक ऐकतो. देशाची जवळपास 90 टक्के वीज अक्षय स्रोतांतून येते, ओल्कारियात 1981 पासून वाफेवर वीज होते, तुर्काना सरोवराच्या परिसरात 365 पवनचक्क्या 310 मेगावॅट देऊ शकतात. यातले काहीच मी नाकारत नाही. पण त्या पवनचक्क्या 2017 मध्ये उभ्या राहिल्या तेव्हा सुस्वाच्या वीज उपकेंद्रापर्यंतची चारशेहून अधिक किलोमीटरची वीजवाहिनीच पुरी झालेली नव्हती. सप्टेंबर 2018 मध्ये ती जोडली जाईपर्यंत न वापरलेल्या विजेचा भुर्दंड देशावर पडला. वाऱ्याने आपले काम वेळेवर केले होते, एवढे तरी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवा. आणि जिथे 90 टक्के वीज वाफ, वारा, पाणी आणि उन्हाची, तिथे माझ्या बिलावर दरमहा इंधनाचा आकार आणि परकीय चलनाचा फरक कशाचा लागतो, हे एकदा कोणीतरी समोर बसवून समजावून सांगावे.

25 ऑगस्ट 2023 ला देशभर अंधार झाला, विमानतळावरसुद्धा. पुढे दहाच दिवसांनी याच शहरात आफ्रिकेची हवामान परिषद भरली, राष्ट्राध्यक्ष स्वतः छोटीशी पिवळी विजेची मोटार चालवत तिथे आले, आणि खंडाची अक्षय ऊर्जेची क्षमता 56 गिगावॅटवरून 2030 पर्यंत 300 गिगावॅटवर नेण्याचा जाहीरनामा निघाला. मोटार छान होती. ती कुठल्या फीडरवर चार्ज केली होती, ते कळले तर मी माझी भट्टी तिकडे हलवीन.

भंगार वितळवणाऱ्यांशी सरकार कसे वागते, तेही सांगतो. जानेवारी 2022 मध्ये वीजवाहिनीचे मनोरे कोसळून देशाची वीज गेली, आणि काही दिवसांत भंगाराचा सगळा व्यापारच बंद करण्यात आला, तो मेपर्यंत. मनोऱ्यांचे लोखंड चोरणारे कोण, हे शोधण्यापेक्षा सगळ्यांचे वजनकाटे बंद ठेवणे सोपे पडले. टाकाऊ धातूचा पुनर्वापर म्हणजेच हरित उद्योग, असे परिषदांच्या फलकांवर लिहिलेले असते. तो उद्योग त्या महिन्यांत संशयित होता.

सोलरचीही तीच कथा. 2020 मध्ये पॅनेलवर 14 टक्के व्हॅट लावला आणि पुढच्या वर्षी काढला. मी पॅनेल घेतली ती नेमकी मधल्या काळात. नेट मीटरिंगची, म्हणजे आपली जादा वीज ग्रिडला देऊन ती खात्यावर जमा करून घेण्याची, तरतूद 2019 च्या कायद्यात आली, नियम यायला 2024 उजाडले, आणि त्यानुसारही मी दिलेल्या विजेतले निम्मेच युनिट माझ्या खात्यावर जमा होणार. तेवढ्यावरही मी राजी आहे. माझा अर्ज मात्र 14 महिने पडून आहे आणि दर रविवारी भट्टी बंद असताना शेडवरची वीज वाया जाते.

महाराष्ट्रात वीज तोडण्याला ‘भारनियमन’ असे भारदस्त नाव देणारे सरकारच होते, त्यामुळे हे दुखणे मला नवे नाही. दोन्हीकडे वीजकेंद्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात. ट्रान्सफॉर्मरमधले तेल बदलले म्हणून कोणी फीत कापत नाही, त्यामुळे ते बदललेही जात नाही. परदेशी कर्ज नव्या मेगावॅटसाठी मिळते आणि ते फेडण्याचा बोजा फिरून बिलात येतो. ते बिल भरणाऱ्याला उद्योजक म्हणायचे, आणि पहाटे दोनला त्याने फोन केला की फुंडी वाटेवर.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. रात्रीचा दर देता तर रात्रीच्या विजेची हमीही द्या, आणि दुरुस्तीसाठी वीज तोडायची असेल तर एक दिवस आधी कळवा. नेट मीटरिंगच्या अर्जाला मुदत घाला, मग उत्तर नकाराचे असले तरी चालेल.

नव्या लायनिंगचे सिंटरिंग, म्हणजे ते तापवून घट्ट करणे, येत्या बुधवारी रात्री 10 वाजता सुरू होईल; ते मध्येच तुटले तर लायनिंग पुन्हा फोडावे लागते. निदान तेवढी एक रात्र आमच्या फीडरकडे लक्ष ठेवण्यास संबंधितांना सांगावे, ही विनंती.

आपला,
इंडस्ट्रियल एरियातला एक फौंड्रीवाला