भ्रूण प्रत्यारोपण मादीसाठी, मग सगळं लक्ष नराच्या शिंगांवर का?

संपादक महोदय,

हरणांच्या फार्मवर भ्रूण प्रत्यारोपण, म्हणजे गुणी मादीचे भ्रूण काढून दुसऱ्या मादीच्या पोटात वाढवणं, कसं करतात त्यावर तुम्ही जे छापलंत ते वाचलं, माहिती चांगली होती पण एक गोष्ट खटकली आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळा लेख नराभोवती फिरतोय, त्याची शिंगं केवढी, त्याचं रेत कसं गोठवतात, किती लांब पाठवतात. अहो, पण नराचा वंश वाढवायला कृत्रिम रेतन पुरतं की, एका वेळच्या रेतातून कितीतरी माद्या गाभण राहतात! भ्रूण प्रत्यारोपणाची गरज पडते ती मादीमुळे, कारण रेड डिअरची (फार्मवर पाळतात त्या मोठ्या हरणाची) मादी वर्षाला एकच पाडस देते, जुळं फारच क्वचित, त्यामुळे मादी कितीही गुणी असली तरी तिच्यामागे पिल्लं थोडीच राहतात. ती अडचण सोडवायला हे तंत्र आलं आणि लेखात मादीला जेमतेम दोन ओळी.

तिच्या वाट्याला काय येतं ते तरी सांगायला हवं होतं. आधी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं साधन योनीमार्गात साधारण 12 दिवस ठेवायचं, ते काढायच्या सुमारास एफएसएच या बीजं वाढवणाऱ्या संप्रेरकाची इंजेक्शनं, बहुतेक वेळा दिवसातून दोनदा आणि सलग काही दिवस, म्हणजे एकाऐवजी बरीच बीजं सुटावीत. मग रेतन, आणि सहा-सात दिवसांनी गर्भाशय धुवून भ्रूण बाहेर काढायचे. गायीत हे काम शस्त्रक्रियेशिवाय होतं, पण रेड डिअरची मादी अंगाने लहान, गर्भाशयाच्या मुखातून नळी सरकवणं अवघड, त्यामुळे बहुधा भूल देऊन पोटाला छेद घ्यावा लागतो किंवा दुर्बीण घालावी लागते. आणि हरीण म्हणजे गाय नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली राहिलेलं जनावर नाही ते. प्रत्येक इंजेक्शनला कळपातून वेगळं काढा, शेडमध्ये आणा, क्रशमध्ये (जनावर घट्ट धरायच्या चौकटीत) धरा, या धावपळीचा ताण एवढा असतो की त्यानेच निकाल बिघडू शकतो. एवढं करून एखादी मादी काहीच प्रतिसाद देत नाही, दुसरी भरपूर बीजं सोडते पण त्यातली बरीच फळतच नाहीत. हा बेभरवशीपणा या तंत्राचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि लेख वाचून वाटतं की बटण दाबलं की भ्रूण तयार.

आता मला खरं म्हणायचंय ते हे. एवढा खर्च आणि एवढा त्रास ज्या मादीला द्यायचा ती निवडायची कशावरून? बऱ्याचदा तिच्या बापाच्या नाहीतर भावाच्या शिंगांवरून. कोवळ्या शिंगांना, म्हणजे व्हेल्वेटला बाजार आहे, शिकारीच्या ट्रॉफीला गिऱ्हाईक आहे, आणि शिंगांचं वजन बऱ्यापैकी आनुवंशिक असतं, ते सगळं कबूल. पण मादीला शिंगं नसतात, तिचे गुण वेगळे आहेत, दूध किती, पाडस कसं वाढवते, माणूस जवळ आला की बिथरते का, आणि माजावर कधी येते.

हा शेवटचा गुण फार महत्त्वाचा. न्यूझीलंडचंच बघा, तिथे 1969 साली कायद्याने हरणांची शेती सुरू झाली आणि आज या धंद्यात त्यांचं नाव आहे. तिथे रेड डिअर मार्च-एप्रिलमध्ये माजावर येतात, गर्भकाळ साधारण 233 दिवस, म्हणजे पाडसं नोव्हेंबर-डिसेंबरात. गवताचा बहर मात्र त्याआधीच वसंतात येऊन जातो आणि ऐन दूध पाजायच्या वेळी बऱ्याच भागांत तिथल्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्याने कुरणं वाळायला लागतात. म्हणून पाडसं लवकर यावीत यासाठी तिथल्या इन्व्हरमे संशोधन केंद्राच्या संशोधकांनी रेड डिअरचा लवकर विणाऱ्या पेअर डेव्हिड हरणाशी संकरसुद्धा करून बघितला, पण फार्मवर आजही मुख्यतः रेड डिअर आणि वापिटी (उत्तर अमेरिकेतलं, त्याहून मोठं हरीण) हेच आहेत. मेलाटोनिन या संप्रेरकाचं इम्प्लांट कातडीखाली लावून माज काही आठवडे अलीकडे आणता येतो, पण ते मादी गाभण असताना शेवटी शेवटी दिलं तर दुधावर परिणाम होतो. त्यापेक्षा जी मादी मुळातच लवकर गाभण राहते तिचीच पिल्लं वाढवणं शहाणपणाचं नाही का? तिथल्या डिअरसिलेक्ट या मूल्यांकनात गर्भधारणेच्या तारखेचाही विचार होतो, म्हणजे मोजायची सोय आहे, फक्त दाता मादी, म्हणजे जिचे भ्रूण काढायचे ती, निवडताना ती वापरायला हवी.

आणि जिच्या पोटात भ्रूण ठेवतात त्या मादीबद्दल तर कोणी बोलतच नाही. तिचा माज दाता मादीच्या माजाशी जुळलेला लागतो, एखाद दिवसाचा फरक चालतो, जास्त झाला की भ्रूण टिकत नाही. शिवाय पाडस तिच्याच दुधावर वाढतं, त्यामुळे आधी एक-दोन पाडसं नीट वाढवलेली, शांत स्वभावाची मादीच घ्यावी असं मला ठामपणे वाटतं, "रिकामी आहे म्हणून घेतली" हे बरोबर नाही. वापिटीचं रक्त असलेला भ्रूण छोट्या रेड मादीत ठेवला तर पाडस मोठं होऊन विताना अडकायची भीती असते आणि तेव्हा जीव जातो तो तिचा, भ्रूणाच्या मालकाचा कागदावर फक्त एक आकडा कमी होतो.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. जिवंत जनावर देशोदेशी नेण्यापेक्षा नीट धुतलेला गोठवलेला भ्रूण नेणं कितीतरी बरं, जनावराचा प्रवास वाचतो आणि बऱ्याच रोगांचा धोकाही कमी होतो. पण पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा नराच्या शिंगांच्या फोटोबरोबर एवढं तरी विचारून छापा, किती माद्यांना इंजेक्शनं दिली, त्यातल्या किती जणींकडून वापरण्याजोगे भ्रूण मिळाले, किती ठेवले, आणि शेवटी आईमागे चालणारी पाडसं किती.

आपला,
एक वाचक