वीस सेंटिमीटरची दोरी

पुणे,
१५ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय रे, ती खेळण्यातली गाडी कधी धावणार?" आणि मी "रूळ टाकतोय अजून" एवढंच बोललो. तुला वाटलं असेल, हा टाळतोय. टाळत नव्हतो. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, कारण त्यात रेल्वेचे रूळ तपासणारे तुझे दादा आहेत. म्हणून हे पत्र.

लेक बंगळुरूला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. तीन मीटर तीस बाय दोन मीटर ऐंशी. चारही भिंतींना लागून बारा मिलिमीटर प्लायची फळी फिरवली आहे, छातीच्या उंचीला, आणि दारासमोर उचलून ठेवता येईल असा पुलाचा तुकडा केला आहे. रुळाचा एक फेरा साधारण दहा मीटरचा. एका भिंतीला स्टेशन, बाकीचा सगळा घाट. आपला खंडाळ्याचाच, ते तुला सांगायला नको. चढही तिथलाच ठेवलाय, ३७ला १. म्हणजे मीटरमागे दोन पूर्णांक सात सेंटिमीटर. फळीवर पाणसळ ठेवली की बुडबुडा असा पळतो की छातीत धस्स होतं. कर्जतला मागून इंजिनं का लावावी लागतात ते आता हाताला कळतंय.

डिसेंबरात पहिलं वळण टाकलं. सरळ पद्धत: खिळा ठोकला, त्याला न ताणणारी दोरी बांधली, टोकाला पेन्सिल, ६१० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि त्या रेघेवर रूळ चिकटवला. सरळ मार्ग संपला की लगेच गोल. डबे मी कार्डबोर्डचे केलेत, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यातल्या डब्यांच्या मापाचे, म्हणजे ८७ पटींनी लहान केले की साडेचोवीस सेंटिमीटर लांब. डबा हाताने ढकलत नेला. रुळावरून घसरला नाही. पण सरळ संपून वळण जिथे सुरू होतं, नेमकं तिथे डब्याचं तोंड एकदम बाजूला फेकलं जायचं, कुणी मानगूट धरून वळवावी तसं. मी जोड तपासले, चाकांमधलं अंतर गेजने मोजलं, डब्याच्या बोगीचे, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटीचे, स्क्रू सैल केले. पंधरा दिवस गेले. झटका तसाच.

एका रात्री दिवा बंद करून टॉर्च रुळाच्या पातळीला धरला आणि गाल फळीला टेकवून एक डोळा मिटून पाहिलं. आणि एकदम दादा दिसले. लोणावळ्याच्या पुढे, खडीवर गुडघा टेकून, टोपी मागे सरकवून, रुळाला डोळा लावून बसलेले. दहावीची परीक्षा झाली होती, मे महिना होता. आपल्याला त्यांनी पुश ट्रॉलीवरून नेलं होतं. दोरीचं एक टोक तुझ्या हातात, दुसरं माझ्या, मध्ये वीस मीटर. टोकं रुळाच्या आतल्या कडेला दाबून धरायची. दादा मधोमध स्टीलची पट्टी लावून दोरी आणि रूळ यांच्यातलं अंतर मोजायचे आणि रुळाच्या पोटावर खडूने आकडा लिहायचे. मग दहा मीटर पुढे सरकायचं, पुन्हा तेच. त्या अंतराला व्हर्साइन म्हणतात, हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. दादा म्हणाले होते, "आकडा पायरीपायरीने चढला पाहिजे. शून्यावरून एकदम उडी मारली, की डब्यातल्या माणसाच्या हातातला चहा सांडतो." आणि तू विचारलं होतंस, चहा सांडला तर तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, "मला आधी कळायला हवं."

माझ्या वळणात ती उडीच होती, मित्रा. शून्यावरून थेट पूर्ण वळण.

दुसऱ्या दिवशी दादांचं माप शंभराने भागलं. वीस मीटरची दोरी वीस सेंटिमीटरची झाली, दहा मीटरचे टप्पे दहा सेंटिमीटरचे. दोरी म्हणून शिवणाचा रेशमी धागा घेतला. हिशेब तोच: दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले आठ गुणिले त्रिज्या. २००चा वर्ग ४०,०००, त्याला ४,८८०ने भागलं की आठ मिलिमीटर आणि वर थोडंसं. म्हणजे पूर्ण वळणात धागा रुळापासून आठ मिलिमीटरवर हवा आणि सरळ मार्गावर शून्य. त्या दोहोंच्या मध्ये मी तीस सेंटिमीटरचा संथ भाग घालायचं ठरवलं. तिथे आकडे असे हवेत: अर्धा, पावणेतीन, साडेपाच, पावणेआठ, मग आठ. कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहेत, बाजारहाटाच्या यादीशेजारी.

टाकलेला रूळ उचलावा लागला. फेव्हिकॉल होता, ओलं फडकं रात्रभर पसरून ठेवलं आणि सकाळी पातळ उलथन्याने सोडवला. दोन तुकडे वाया गेले, त्याचं वाईट वाटलं, कारण हा फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वळवता येणारा रूळ, इंग्लंडच्या पेको कंपनीचा, एक तुकडा ९१४ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एक यार्ड, आणि इथे येईपर्यंत त्याची किंमत बरीच वाढते. नवी आखणी करताना वर्तुळ सरळ रेघेपासून सहा मिलिमीटर आत सरकवलं. मग साडेतीन फुटांची सागाची बारीक पट्टी घेतली, एक टोक सरळ रेघेवर बारीक खिळे ठोकून धरलं, दुसरं वर्तुळावर, आणि मधला भाग सोडून दिला. लाकूड स्वतःच्या ताणाने जे वळण घेतं, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची. झालं. त्या रेघेवर रूळ बसल्यावर धागा लावला: अर्धा, तीन, साडेपाच, साडेसात, आठ. दोन ठिकाणी पाव मिलिमीटरची चूक, तीही बोटाने ढकलून काढली. डबा ढकलला. कुठे वळायला लागला ते कळलंच नाही. मी वीस-पंचवीस वेळा तोच डबा त्याच वळणावरून नेला असेन.

एक गोष्ट तुला प्रामाणिकपणे सांगतो, कारण तू विचारणारच. हे सगळं दाटीवाटीचं आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजला सगळ्यात तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं चालतं. ते ८७ने भागलं तर दोन मीटर येतात, म्हणजे अर्धा फेरा घ्यायलाच चार मीटर रुंदी लागेल, खोली फोडावी लागेल. माझं वळण खऱ्या मापात त्रेपन्न मीटरचं होतं. गेजचंही, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचंही, तसंच. आपलं १६७६ मिलिमीटरचं गेज या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवं, पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा, युरोप-अमेरिकेच्या गेजला धरून. सव्वाएकोणीसचा रूळ हाताने घडवणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. माझ्या हातून या जन्मी ते होणार नाही. त्रिज्या गेली, गेज गेलं. पण गाडी वळणात शिरते कशी, ते मात्र जसंच्या तसं ठेवता येतं, आणि त्यासाठी जास्तीची जागाही फारशी लागत नाही. मला घाट दिसतो तो त्यातच.

म्हणूनच रिव्हर्सिंग स्टेशनचा विचार सोडला. १८६३ ते १९२९ गाड्या तिथे दिशा बदलायच्या, ते केलं असतं तर अर्धी वळणं वाचली असती. पण वळणं वाचवून मी काय करू?

आता जोड. आठवतं ना, मुलं लहान असताना आपण कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघायला गेलो होतो? मुलं गाड्या बघत होती आणि तू वाकून रुळांचे जोड बघत होतास. मीही आता तिथवर पोचलोय. वळण घेताना आतला रूळ पुढे येतो, काटकोनात वळलं तर तब्बल सव्वीस मिलिमीटर, कारण त्याला कमी अंतर जायचं असतं. वळून झाल्यावर जोड लावायला गेलं की तिथे कोपरा पडतो. म्हणून दोन तुकडे सरळ असतानाच जोडायचे, सोल्डर करायचे आणि मग दोन्ही मिळून वळवायचे. कापलेल्या टोकाला खालून, वरून आणि आतून कानस मारायची. मग डोळे मिटून अंगठ्याचं नख जोडावरून न्यायचं. नख अडलं, तर चाकही अडणार. रूळ चिकटवला की वर जुने दिवाळी अंक गठ्ठ्याने ठेवतो, रात्रभर. खिळे मारून रूळ बसवायचं मी सोडून दिलं, कारण खिळा एक हातोडा जास्त खाली गेला की स्लीपर, म्हणजे रुळाखालची आडवी पट्टी, मध्ये दबतो, दोन्ही रूळ आत कलतात आणि गेज आवळतं. डोळ्याला दिसत नाही आणि गाडी मात्र दर फेऱ्याला तिथेच उतरते.

सगळेच जोड सोल्डर केलेले नाहीत. पुण्याची थंडी आणि पुण्याचा मे यात वीस अंशांचा फरक धरला, तर पाच मीटर रूळ पावणेदोन मिलिमीटर वाढतो. म्हणून सरळ भागातल्या जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली आहे. आपले गँगमन उन्हाळ्यात ज्या धास्तीने फिरायचे, ती धास्ती इथेही आहे, नुसती आकाराने लहान.

वायरिंगवर वेळ घालवत नाही, ते तुला कंटाळवाणं होईल. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार दिली आहे. तारेला आणि रुळाला आधी कल्हई करून घेतली की डाग क्षणात बसतो आणि प्लॅस्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. एवढं मात्र सांगतो की सांध्यापाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या फाट्यापाशी, मी दोन दिवस अडकलो. सांधा घेतला तो नाकातही, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकातही, करंट असलेला, म्हणजे छोटं इंजिन त्याच्यावर थांबत नाही. पण त्याच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड लावावे लागतात, ते मी एका ठिकाणी विसरलो होतो. सांधा फिरवला की सगळं बंद. हा सांधा मुख्य मार्गावरचा नाही बरं का. ती कॅच सायडिंग आहे, घाटात न थांबलेली गाडी अडवायची आडवाट. उतारावरच्या गाडीने थांबून दाखवल्याशिवाय मुख्य मार्ग द्यायचा नाही, सांधा एरवी सायडिंगकडेच लावलेला, हे दादांनी आपल्याला दाखवलं होतं. ती नसती तर घाट पुरा झाला नसता.

खडीचं सांगतो आणि संपवतो. रुळाखालची खरी खडी साधारण पाच सेंटिमीटरची, ती या मापात अर्ध्या मिलिमीटरची होते, बारीक रव्याएवढी. खडी क्रशरवरून काळ्या दगडाची कच आणली, धुतली, वाळवली, आधी रव्याच्या चाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून काढली. वर राहिलं ते घ्यायचं. रंग द्यावा लागला नाही, सह्याद्रीचाच दगड तो. पण त्यात लोहचुंबकाला ओढणारे कण असतात, आणि इंजिनाच्या मोटारीत चुंबक आहे, कण आत गेले तर मोटार खाऊन टाकतील. म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते ताटभर खडीतून फिरवलं. पिशवीला काळी दाढी उगवली! ती झटकली, पुन्हा फिरवलं, असं सात-आठ वेळा. मग रुळांमध्ये खडी पसरून, मऊ ब्रशने स्लीपरवरून उतरवून, पाण्याचा फवारा मारून, पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो खडीवर गोळा होऊन बसत नाही, आत जिरतो. स्टेशनची बाजू अशी पुरी झाली. तिथल्या सरळ रुळावर बारीक करवतीने दर पंधरा सेंटिमीटरला एक खाच पाडली आहे, तेरा मीटरच्या खऱ्या रुळांच्या हिशेबाने. डबा गेला की आवाज येतो. तोच.

घाटातली वळणं अजून उघडी आहेत, मुद्दाम. खंडाळ्याखाली इंग्रजी एससारखं जे उलटसुलट वळण आहे, तिथे एक वळण सुटून दुसरं सुरू होण्याआधी मी एक डबाभर सरळ मार्ग ठेवला आहे. पण तिथे आकडे कसे उतरतात आणि पुन्हा कसे चढतात, ते मी पुस्तकी हिशेबाने ठरवलंय. दादांची ती काळ्या पुठ्ठ्याची वही तुझ्याकडे आहे ना, ज्यात ते खडूचे आकडे संध्याकाळी उतरवून घ्यायचे? त्या वळणाची पानं सापडली तर फोटो काढून पाठव. आकडे तेच बसणार नाहीत, त्यांची चाल बसेल. घाई करू नकोस, पण मार्चअखेर मिळाले तर बरं. एकदा खडी चिकटली की वळण पाव मिलिमीटरही हलत नाही.

वहिनींना नमस्कार सांग. आईंच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुझाच