दफन रजिस्टरांचीही नक्कल व्हावी

संपादक महोदय,

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, मोडी म्हणजे तिची जुनी लिपी, हे शब्द घरोघरी पोहोचले. पणजोबांच्या नावासाठी माणसे तहसीलच्या खेपा घालू लागली. आम्हा ख्रिस्ती कुटुंबांची अशीच एक वही आहे, आणि ती डोळ्यांदेखत नष्ट होते आहे.

ती म्हणजे मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, दफन रजिस्टर. शेजारच्या लिंगायत घरी वंशावळी सांगणारा हेळवी येऊन पिढ्या वाचून दाखवतो. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे वंशावळी असतात. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला, तिथून पुढची नावे मंडळीच्या रजिस्टरांत उतरली. आमच्या रजिस्टरात मयताचे नाव, वय, धंदा, मरणाचे कारण, दफनाची तारीख आणि पाळकांची (पाद्र्यांची) सही असते. कबरी बहुतेक मातीच्याच, दगड बसवण्याची ऐपत कुणाची होती? मातीचा उंचवटा चार पावसाळ्यांत बसतो. मग राहते ती फक्त ही एक ओळ.

मागच्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांच्या परवानगीने मी दोन दुपारी ती पाने चाळली. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीतल्या नोंदी दाटीवाटीने लिहिल्या आहेत. त्यात माझ्या आजोबांचे नाव दिसले, वडिलांच्या नावासकट. वय दोन वर्षे, कारण ताप. माझे हातच थांबले. आजोबा १९७९ साली वारले, त्यांच्या मातीला मी स्वतः होतो. बाप्तिस्म्याचे रजिस्टर काढले तेव्हा उलगडा झाला. त्याच आईबापांनी १९२० साली झालेल्या मुलाला गेलेल्या लेकराचे नाव ठेवले होते. आजोबांना थोरला भाऊ होता, हे आमच्या घरात कुणी कधी बोलले नव्हते.

म्हणून शोधणाऱ्यांना सांगावेसे वाटते, नाव जुळले की आपला माणूस सापडला असे समजू नका. वयेही अंदाजे लिहिलेली असतात. बायकांच्या नोंदीत नवऱ्याचे नाव सापडते, माहेरचे नाही. त्यासाठी लग्नाचे रजिस्टर पाहावे लागते.

मुंबई इलाख्यात चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांनी केलेल्या दफनांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत, गोऱ्या साहेबांचे पणतू आजही त्या पाहतात. आमच्या रजिस्टरची प्रत एकच. कडा कसरीने खाल्लेल्या, पान उलटताना तुकडा हातात येतो.

शहरातील सर्व मंडळ्यांच्या पंचांना कळकळीची विनंती, येत्या पावसाळ्यापूर्वी पानापानाचे फोटो काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. मरणाचे कारण ही घरची गोष्ट असते, त्यामुळे अलीकडच्या वर्षांची पाने सर्वांना खुली करू नयेत. जुन्या पानांच्या कामासाठी मी आणि माझी मुलगी दर रविवारी उपासनेनंतर दोन तास द्यायला तयार आहोत.

— एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर